पाचची शिट्टी

अमळनेरात एप्रिल लागला
की सकाळी नऊलाच ट्रॅकवरचा चुना डोळ्यांत घुसतो.
म्हणून पाचची शिट्टी.
एकवीस वर्षं माझा हिशेब एवढाच :
ऊन यायच्या आत पळा,
आणि मग वर्गात दुसऱ्या तासाला मान पडली
तर बाकावर उभं राहा.
पुढे ऊन सरलं, पाऊस आला, थंडी आली,
शिट्टी पाचचीच राहिली.

हेतल कोळी, दहावी ब, आठशे मीटर.
बोरीच्या पलीकडून भावाच्या गाडीवर मागे बसून यायची,
अर्धी झोप ओढणीत गुंडाळून.
पहिल्या लॅपला ती पळायचीच नाही,
तिचे नुसते बूट पळायचे.
दोन एक्केचाळीस. दोन बेचाळीस.
एकदा दोन सत्तेचाळीस,
तेव्हा मी वहीत तिच्या नावापुढे ‘आळस’ लिहिलं
आणि खाली रेघ ओढली.

“रात्री झोपतेस कधी?”
“दहाले आडी पडस, सर.
झोप मातर बारानंतरच येस.”
“मोबाइल?”
“मोबाइल तं मायना उशाखाले ऱ्हास.”
“मग दोन तास करतेस काय?”
“पत्राना खिळा मोजस.”
पोरी हसल्या. मी हसलो नाही.
एक राउंड जास्तीचा दिला.

जळगावला जिल्ह्याची हीट सकाळी सातला.
हेतल सहावी.
परतीच्या एसटीत ती धरणगावच्या आधीच झोपली,
तोंड उघडं, हातात न खाल्लेलं केळं.
पुढच्या सीटच्या दांड्यावर डोकं आपटत होतं, तरी जागी होईना.
मी पाहत राहिलो.
मला तेव्हाही राग आला होता, हे खरं सांगतो.

मग एका संध्याकाळी
रोलरची किल्ली विसरली म्हणून ग्राउंडवर गेलो.
पावणेसात. शेजारच्या लॉनवर कुणाच्या तरी हळदीचे दिवे,
त्यांचा सांडलेला उजेड ट्रॅकच्या एका वळणावर.
आणि त्या वळणावरून
अनवाणी, कुर्त्याच्या बाह्या वर सारून
हेतल पोरांना मागे टाकत आली.
पैज पाणीपुरीची.
मी पाण्याच्या टाकीआड उभा राहून
दुसऱ्या खेपेला चोरासारखं बटण दाबलं.

दोन तेहेतीस.

बॅटरी गेली असेल म्हणून उद्या पुन्हा गेलो.
दोन चौतीस. तेही हसत.

भाची धुळ्याला डॉक्टरकी शिकते, तिला फोन केला.
म्हणाली, मामा, या वयात
झोपच रात्री उशिरा उतरते, हट्ट नसतो तो.
आणि अंग तापतं, सुटं होतं, ते दिवस कलल्यावर.
पाच वाजता तू जिला पळवतोस
तिच्या आत अजून मध्यरात्र असते.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, म्हणतात.
पण कोंबडं आरवलं म्हणूनही उजाडत नाही कुठे.
मला बावन्नाव्या वर्षी साडेतीनला जाग येते,
फुकट, न मागता,
आणि मी तिला शिस्त म्हणत होतो.
सोळाचा होतो तेव्हा
बापाने तोंडावर ओतलेला तांब्या
कसा विसरलो होतो इतकी वर्षं?

आता सराव साडेसहाला, संध्याकाळी.
दोघींच्या घरून नकार आला, अंधाराचा.
एकीचे वडील रोज येऊन कुंपणापाशी बसतात, तंबाखू मळत.
उन्हाळ्यात सातपर्यंत जमीन पोळते, तेव्हा काय करायचं
ते अजून ठरलेलं नाही.
आणि पुढच्या वर्षीची हीट?
सकाळी सात. परिपत्रक आलंय.
वहीतला ‘आळस’ डॉटपेनचा, खोडता येत नाही.

मी मात्र जातो पाचला. सवय.
मोकळ्या ट्रॅकवर दोन चकरा, चपला घालूनच.
बोरीपलीकडे एखादा दिवा,
भुसावळकडची गाडी निघून जाते.
पलीकडे कुठेतरी पत्र्याखाली
ती आत्ता गाढ असेल.
शिट्टी गळ्यात असते,
चालताना बटणावर आपटून वाजू नये
म्हणून मुठीत धरून ठेवतो.